साडेचार तासांचा तक्ता

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत. घाबरू नकोस, यंत्रात नाही सापडली. दुसऱ्या पाळीच्या मुकादमाच्या दातांवर आपटली. तो वायूची विहीर खणणाऱ्या आमच्या सगळ्या रिगसमोर म्हणाला की माझी पाळी खालच्या दगडाची एक नळी वर काढते तेवढ्यात त्याची पाळी दोन काढून जेवून, झोपून येते. मी एकच ठेवून दिली. त्याने पाना उचलला. भाऊजींनी मला मागून कवेत धरून केबिनमध्ये कोंडलं नसतं तर आज दोघांपैकी एकाचं डोकं फुटलेलं असतं. बाहेरून कडी लावून भाऊजी म्हणाले की शांत घराणं बघून तुझी बहीण केली, चांगलाच फसलो.

ते ठीक आहेत. दगड भरलेली नळी वर आली की ती करवतीने कापायचं काम त्यांच्याकडेच आहे, आणि त्यांचा हात सगळ्यांत सरळ चालतो. आता तू दगडाच्या प्रयोगशाळेत बसतेस तर एक सांग. दोन किलोमीटर खालून नळी आणायची, आणि शेवटचे तीनशे मीटर मुंगीच्या पावलाने ओढायचे, एकूण साडेचार तास, हा नियम कोणाच्या डोक्यातून निघाला? दगड काय अंडं आहे?

मोठ्या बहिणीची माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
ढब्बू


दि. ९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तीस वर्षांचा झालास, हातात वीस माणसांची पाळी आली, आणि अजून शाळेच्या फाटकात मारामारी करणारा तूच आहेस. बोटांना बर्फ लाव. मुकादमाची माफी मागायला सांगणार होते, पण मी तुला ओळखते.

नियम कोणी केला ते सांगते. तुमचा तो काळा, पातळ थरांचा शेल दगड हातात घेतला तर घट्ट वाटतो, पण आत केसाहून बारीक अशी कोट्यवधी भोकं आहेत. काही वायू त्या भोकांत दाबून भरलेला असतो. बाकीचा, करोडो वर्षांपूर्वी कुजून गाळात मुरलेल्या जिवांच्या काळ्या अंशाला चिकटून बसलेला असतो. खाली डोंगराएवढं वजन असतं म्हणून दोन्ही गप्प असतात. नळी वर यायला लागली, दाब उतरला, की भोकांतला वायू आधी पळतो. चिकटलेला सुटायला वेळ घेतो, मग बारीक वाटांनी सरपटत कुठे भेग सापडते का ते बघत राहतो. आमच्या सीलबंद डब्यांत महिनाभर त्याचं निघणं चालू असतं, निघायच्या तयारीतल्या पाहुण्यासारखं.

सावकाश ओढलं तर तो वाटेतच निघून जातो. घाईने ओढलं आणि नळीच्या तोंडाशी दगड अडकला, तर त्याच्या मागे दाब साठतो. म्हणून वर आल्यावरही नळीला आधी ड्रिलने भोकं पाडायची असतात. तुमचे साहेब लोक तुमचा वेळेचा तक्ता बघून भोकांना फाटा देतात, असं हे एकदा बोलले होते. मला ते आवडलं नाही. करवत ह्यांच्या हातात असते, हे विसरू नकोस.

आशीर्वाद आहेतच, त्यांना जरा काम दे.
तुझी,
ताई


दि. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू दवाखान्यात त्यांच्या उशाशी आहेस, आणि मला आत सोडत नाहीत, म्हणून लिहितो. कसं झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

नळी मांडवावर, म्हणजे रिगच्या उंच लोखंडी फलाटावर, आडवी ठेवली. इंजिनिअर साहेबांनी तक्ता पाहिला, साडेचार तास बघून म्हणाले की वायू गेलेला आहे, भोकं नकोत, कापा. भाऊजींनी टोकाचं झाकण सैल केलं आणि करवत घेतली. पातं अर्ध्यात असताना नळी कडाडली. हातभर दगड तोफेतून सुटावा तसा निघाला आणि त्यांच्या तोंडावर बसला. ते चार पावलं मागे फेकले गेले. ताई, त्यांचा जबडा जागेवर नव्हता. एक डोळा दिसत नव्हता. रक्तात दगडाचे काळे कपटे होते आणि मी ते बोटांनी काढत बसलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

मग मी साहेबांना धरलं. जिन्याच्या कठड्यावर त्यांचा हात ठेवून मोडला. मोडल्याचा आवाज ऐकला, तरी मारत होतो. सहा जणांनी ओढलं. मला पश्चात्ताप नाही. त्यांनी भोकं पाडू दिली असती तर हे झालं नसतं. माझ्या बाजूने मी साडेचार तास ओढलं, तक्त्यात आहे. चौकशी १२ एप्रिलला आहे. साहेब तुरुंगात जातील अशी व्यवस्था मी करणार.

भाऊजींचा हात माझ्या वतीने हातात घे.
तुझा,
ढब्बू


दि. ३१ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

ह्यांचा जबडा तारांनी बांधला आहे. डावा डोळा काढला. नळीतून पातळ अन्न देतात, ते अर्धं छातीवर येतं. मी पुसते.

दिवसा मी कामावर जाते, कारण घरी बसले तर भिंतीवर डोकं आपटेन. त्याच नळीतल्या उरलेल्या दगडाचे दोन डबे आमच्याकडे आले. आम्ही इथे दोघीच. दुसरी म्हणाली की तू हात लावू नकोस. मी लावला.

दगड डब्यात बंद केल्यावर पहिल्या तासांत वायू ठराविक चालीने मंदावतो. त्या चालीवरून मागे मोजत गेलं की तो कधी सुटायला लागला ते सापडतं. तक्त्यातले साडेचार तास धरले तर रेषा काही केल्या जुळेना. माझंच चुकलं म्हणून तीनदा केलं. दोन्ही डबे एकच सांगतात. नळी दोन तासांच्या आत वर आली आहे.

मग डब्यांबरोबर आमच्याकडे येणाऱ्या तक्त्यांतून मागच्या नळीचा तक्ता काढला. दोन्हींतले आकडे मिनिटामिनिटाला तेच आहेत. तू उतरवून घेतलेस. साहेबांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासापायी तू त्यांचा हात मोडलास.

१२ तारखेला हे तूच सांग. नाही सांगितलंस तर माझा अहवाल जाईल.
ताई


दि. ३ एप्रिल

ताई,

पाठव अहवाल. पाठव आणि भाऊ मेला म्हणून आंघोळ करून मोकळी हो. तुझं पत्र वाचून मी खोलीतली खुर्ची भिंतीवर आपटून तिचे तुकडे केले. तू समोर असतीस तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

हो, ओढली. तो मुकादम मांडवाखाली उभा राहून घड्याळाकडे बघून हसत होता. पावणेदोन तासांत वर आणली आणि त्याचं हसू बंद केलं. तक्ता सगळेच असा भरतात. मी भाऊजींना मारलं असं तुला म्हणायचं आहे ना? म्हण. पण दगडाच्या रेषेवरून सख्ख्या भावाला फासावर देणारी बहीण मी पाहिली नव्हती. भाऊजींना हे कळता कामा नये.

ढब्बू


दि. ७ एप्रिल

चि. ढब्बूस,

त्यांना कळलेलं आहे. मी आलेख त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पाहिलाही नाही. खुणेने पाटी मागून घेतली आणि लिहिलं की मी मांडवावरच होतो, किती वेळ लागला ते मला माहीत होतं.

मी विचारलं की माहीत होतं तर भोकं का नाही पाडली? त्यांनी लिहिलं की ड्रिल मागितलं असतं तर साहेबांनी कारण विचारलं असतं, आणि सगळ्यांसमोर मेव्हणा खोटा ठरला असता. त्यांना वाटलं, हात सांभाळून कापू, निभावेल.

मी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. त्या दिवशी पाणी भरलेला स्टीलचा जग भिंतीवर असा फेकला की नर्स धावत आली. तुझ्यासाठी त्यांनी तोंड पुढे केलं, ढब्बू. आणि आता पाटीवर लिहितात की आलेख जाळून टाक. मी जाळलेला नाही. पाकिटात घालून ठेवला आहे. तो जळाला तर ज्या माणसाने फक्त तक्ता वाचला, तो तुझ्या जागी तुरुंगात जाईल. बारा तारखेपर्यंत मी वाट बघेन.

ताई


दि. १२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. पावणेदोन तास, उतरवलेला तक्ता, मुकादमाचं हसणं, सगळं. पाकीट पाठवायची गरज नाही, पण पाठव, म्हणजे पुढे माझी जीभ फिरायला नको.

माझं बोलणं संपल्यावर साहेब उठले. त्यांचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. ते सावकाश माझ्यापर्यंत आले आणि त्याच प्लास्टरच्या हाताने माझ्या तोंडावर मारलं. दोनदा. दुसऱ्यांदा ते स्वतःच कळवळून ओरडले. कोणी मधे पडलं नाही. मी हात खाली ठेवले होते, ताई. जन्मात पहिल्यांदा.

सोमवारी पोलिसांत हजर व्हायचं आहे. वकील म्हणतात की दोन-तीन वर्षं तरी जातील. हे पत्र कंपनीच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, उत्तर त्याच्याचजवळ दे. रविवारी दवाखान्यात येऊ का, तेवढं भाऊजींना पाटीवर लिहायला सांग. आणि ते हो म्हणाले, तर त्यांना बजाव की या वेळी माझ्यावर दया करून हो म्हणू नका.

तुझा,
ढब्बू