एकशेविसाव्या फ्रेमनंतर

३ फेब्रुवारी, सोमवार
बार्शीहून आले आणि दोनच दिवसांत सालवडला खोली मिळाली. खिडकीसमोर कारखान्याची चिमणी आहे, वास येतो, पण पाणी भरपूर. बोईसरचा स्टुडिओ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. प्रदीप सर मालक, शेजारच्या टेबलावर काम करणारा दर्पण, आणि चहा-झाडलोट बघणाऱ्या शिरगावच्या रत्नाबाई. त्यांनी आल्या आल्या मला सुक्या बोंबलाची चटणी दिली. आवडलं इथं.

४ फेब्रुवारी
पहिलं काम. शिरगावच्या किल्ल्यावर एका मालिकेचं शूटिंग झालंय. पाच सेकंदांचा शॉट, एकशेवीस फ्रेम. बुरजावर मोळी घेतलेली एक बाई मध्येच आलीय, ती पुसायची. थोड्या थोड्या फ्रेमनंतर तिच्याभोवती रेघ आखायची. आखली की तिथे खूण पडते, तिला कीफ्रेम म्हणतात. मधली रेघ सॉफ्टवेअर सरकवतं. तिच्याआड दगड आला तर रेघ तेवढ्यापुरती कापायची. दिवसभरात बावीस कीफ्रेम झाल्या. मान दुखतेय, पण मजा आली.

५ फेब्रुवारी
सकाळी फाइल उघडली तर तेवीस. जास्तीची एकशेएकविसाव्या फ्रेमवर. तिथे शॉट संपलेला, नुसता काळा पडदा आणि त्यावर बाईची रेघ. काढून टाकली. सर म्हणाले, सॉफ्टवेअरचा जुना बग आहे, लक्ष देऊ नकोस.

७ फेब्रुवारी
काढलेली परत आली, सोबत आणखी चार. ओळीनं पाहिल्या. रेघेतली बाई वळते, पायऱ्या उतरते. डोक्यावर मोळी नाही. उतरताना गुडघा कसा वाकतो ते बगला कुठून कळणार? हे कुणीतरी हातानं आखलंय. माझ्यामागे फाइल उघडू शकतो तो दर्पणच. विचारलं तर हसला. म्हणाला, मला माझंच काम उरकत नाही. ते हसणं मला पटलं नाही.

१० फेब्रुवारी
सरांना सांगितलं. दर्पणनं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "भावना, आधी माझ्यासमोर फाइल उघडून बघायची होतीस." सरांनी त्याला दुपारीच काढून टाकलं. इतक्या चटकन कसं, कळेना.

११ फेब्रुवारी
कीफ्रेम एकोणचाळीस. दर्पण नाही, तरी.
रत्नाबाई चहा ठेवताना स्क्रीनवरची बाई बघून थबकल्या. "ही तं आमच्या पाड्यावरची ठकी हाय," म्हणाल्या. "शूटिंगच्या दिशी लाकडाला गेली, ती घरी आलीच नाय. शूटिंगवाले बोलले, तिकडं कोनी बाई नव्हतीच."
शॉट पुन्हा बघितला. शेवटच्या सहा फ्रेममध्ये तिच्या पाठीवर एका पुरुषाचा हात आहे. तो हातही पुसायला सांगितलं होतं सरांनी.

१२ फेब्रुवारी
सरांना विचारलं, मूळ शॉट कुठे आहे? म्हणाले, क्लायंटनं त्याच्याकडचा काढून टाकला, आता फक्त तुझ्याकडे आहे, आणि तोही काम दिलं की काढून टाकायचा. मग विचारलं, नोकरी हवी आहे ना?
पाच वाजता काम दिलं. मूळ शॉट काढून टाकला. आता ठकी कुठेच नाही. रत्नाबाईंकडे बघवलं नाही.

१३ फेब्रुवारी
फाइलमध्ये फक्त रेघ उरलीय. मोठी झालीय — म्हणजे जवळ आलीय. डावी बाजू वरपासून खालपर्यंत सरळ कापलेली, मधे कडीएवढी खाच. दाराची चौकट. आमच्याच दाराची.
दर्पणला तीनदा फोन केला. उचलत नाही.

१४ फेब्रुवारी, दुपार
सर आलेच नाहीत. रत्नाबाई जेवायला गेल्यात. वही मांडीवर घेऊन पेननं लिहितेय, स्क्रीनवरची नजर काढवत नाही.
रेघ पडदाभर. खाली कापलीय — खुर्चीची पाठ. तिच्यावर कुणाचं तरी डोकं. अंबाडा, त्यात आडवी पेन्सिल खोचलेली —
माझा अंबाडा.
मागे वळणार नाही.
माउसला हात नाही माझा, तरी कीफ्रेम पडतायत. एक. आणखी एक. अंबाडा तसाच, पण पेन्सिल नाही. का नाही —
केसांत हात घातला, पेन्सिल