पापांचे चारशे दोन

शिकागो,
१२ एप्रिल १९२६

ती. ओटिलीताई हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लिव्हर सॉसेजचं पुडकं, दोन्ही पोचलं. पुडकं सौ. क्लारानं शेजाऱ्यांपासून लपवून ठेवलं, आणि ओघानं माझ्यापासूनही. तिला अजून वाटतं की बेलव्हिलची माणसं खाण्यापलीकडे काही करत नाहीत. मी तिचं मत खोडत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या कचेरीत यंदा मोठं काम निघालं आहे. गेल्या पन्नास वर्षांतल्या सगळ्या व्यावसायिक बेसबॉल खेळाडूंची फलंदाजी एका पुस्तकात आणायची आणि सगळ्यांना एकच नियम लावायचा, असं क्विल्टी साहेबांनी ठरवलं आहे. जुनी वर्षं माझ्या वाट्याला आली आणि त्यांत १८८७ आलं. पापा त्या वर्षाची गोष्ट सांगताना एक भाग नेहमी गिळतात, तो तुला सांगतो. वाईट चेंडू सोडत राहून फलंदाज फुकटात पहिल्या तळावर चालत गेला, तर त्याला कुणी फटका म्हणत नाही. पण त्या एका वर्षी लीगवाल्यांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, त्यांनी चालीलाही फटकाच धरलं. पुढच्याच वर्षी तो नियम मोडीत निघाला. पण आकडे राहिले.

पापांचं चारशे दोन त्याच वर्षाचं. हजार पाळ्यांमागे तीनशे फटके मारणाऱ्याला लोक सलाम करतात आणि चारशेवाल्याला बिअर पाजतात, म्हणजे दारूबंदीचा कायदा येण्यापूर्वी पाजत. पापांनी त्या आकड्यावर बिअरचं दुकान उघडलं, तो काचेवर सोन्याच्या वर्खात काढला, आणि आपण दोघं त्यावरच वाढलो. मी हिशेब केला. १९६ फटक्यांत ५८ चाली आहेत. त्या काढल्या की उरतात १३८, आणि पाळ्या ४८७. हजारामागे दोनशे त्र्याऐंशी. ताई, हा आकडा लिहून मी पेन्सिल खाली ठेवली आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो.

पुस्तक जुलैत छापखान्यात जाईल. पापांना कसं सांगायचं ते तू सुचव. तोवर त्यांच्या कानावर घालू नकोस.

मुलांना माझा गोड पापा. लोभ आहेच, त्याची सरासरी घसरू देऊ नकोस.

तुझा,
रूडी

•

बेलव्हिल,
१९ एप्रिल १९२६

चि. रूडी यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच चुलीत घातलं, कारण आपल्या पापांना माझ्या एप्रनचे खिसे तपासायची सवय आहे. म्हणे पेपरमिंट शोधतात.

दोनशे त्र्याऐंशी! हे लिहायला तुला शिकागोला पाठवलं होतं का रे? तू लहानपणी चेंडू आला की डोळे मिटायचास, तेव्हा पापा म्हणायचे की या पोराच्या हातात बॅट नको, पेन्सिल द्या. त्या पेन्सिलीनं तू असा सूड उगवशील असं कुणाला वाटलं असतं? हे मी चिडून लिहिते आहे, मनावर घे किंवा घेऊ नकोस.

इथली हकीकत ऐक. पापांचे गुडघे गेलेत. त्या काळी हातमोज्याशिवाय खेळून वाकलेल्या बोटांनी आता शर्टाची बटणं लागत नाहीत, आणि मी लावायला गेले तर ओरडतात. बिनदारूची बिअर प्यायला दुकानात कोण येणार? ओव्हनच्या कारखान्यातली चार म्हातारी माणसं येतात, तीही पापांसाठीच. कुणी नवखा आला की एखादा म्हातारा काचेकडे बोट दाखवतो, मग पापांच्या तोंडावर जे काही येतं ते बघायला मी रोज भांडी घासायचं थांबते. वीस जूनच्या रविवारी मैदानावर जुन्या खेळाडूंचा दिवस आहे. योस्ट न्हावी कर्णा घेऊन एकेकाचं नाव आणि आकडा पुकारणार. पापांनी आत्तापासून टोपी ब्रश करून ठेवली आहे.

त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय, सांग बघू. आई गेली, दारू गेली, गुडघे गेले. एवढ्या जाड पुस्तकात एका माणसाचा एक आकडा जुना राहिला तर कुणाचं घर बुडणार आहे? मोठी बहीण म्हणून सांगते, राहू दे.

क्लाराला सांग, सॉसेज गार जागी ठेव. जपून राहा, आणि जरा लाज बाळगून राहा.

तुझी,
ताई

•

शिकागो,
२७ एप्रिल १९२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुझंच बरोबर वाटलं. पण तसं करता येत नाही.

त्या वर्षी चारशेच्या वर गेलेले पापा एकटेच नाहीत. ओहायोतल्या एका बाईंचं कालच पत्र आलं. त्यांचे वडील वारले, आकडा थडग्याच्या दगडावर कोरला आहे, तो तसाच ठेवाल ना, असं विचारतात. मी त्यांना नाही म्हणून कळवलं. त्यांच्या मेलेल्या बापाला नाही म्हणायचं आणि माझ्या जिवंत बापाला हो, हे मला जमणार नाही. उद्या ते उघडकीला आलं तर पापांचे सगळेच आकडे लोक हसून बाजूला सारतील, खरे असलेलेसुद्धा.

शिवाय पुस्तक निघालं की गावच्या पेपरात छापून येईलच. योस्टच्या खुर्चीत बसून तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत त्यांना हे कळावं, अशी तुझी इच्छा आहे का? त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. याच टपालानं त्यांना वेगळं पत्र टाकलं आहे. ते आलं की त्या दिवशी बटाट्याची कोशिंबीर कर, व्हिनेगर जास्त घालून, त्यांना आवडते तशी.

मला भीती वाटते आहे. लहानपणी चेंडूची वाटायची तशीच.

रागावलीस तरी लिहीत राहा.

रूडी

•

बेलव्हिल,
३ मे १९२६

रूडीस,
आशीर्वाद. दर वेळी देतो म्हणून देतो.

पत्र मिळालं. दोनशे त्र्याऐंशी हा चेंडू टाकणाऱ्या पिचरचा आकडा झाला. पिचरसुद्धा तो सांगताना खाकरतो. उभ्या आयुष्यात मी तीनशेच्या खाली कधी आलो नाही, आणि आलो तो घरच्याच माणसामुळे.

तुला एक विचारतो. तू शिकलेला आहेस. त्या वर्षी आम्हाला वसंतात उभं करून सांगितलं की पोरांनो, यंदा पाच वाईट चेंडू सोडलेत की तो फटका धरू. ठीक आहे म्हटलं. बाहेरचे चेंडू सोडले. त्यातले किती तरी मी मारून उजव्या बाजूला घातले असते, आधीच्या वर्षी घातलेच होते. यंदा चालीचं काही धरणार नाही असं सांगितलं असतं, तर मी बॅट फिरवली असती. आता एकोणचाळीस वर्षांनी तू नियम बदलतोस आणि चाली काढून घेतोस. मग मी त्या पाळ्यांत जे मारलं असतं ते कुठे धरलंस? जेवण झाल्यावर भाव बदलणारा खानावळवाला मी होऊ शकलो असतो, पण झालो नाही.

तुझ्या साहेबाला हे वाचून दाखव. वीस तारखेला मी मैदानावर जाणार नाही. तूही येऊ नकोस. गाडीभाडं वाचेल.

ओटिलीनं कोशिंबीर केली होती. खाल्ली.

ऑगस्ट हेमरिख

•

शिकागो,
२ जून १९२६

ती. पापा यांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाले की म्हाताऱ्याचं म्हणणं खरं आहे, पण पानावर आकडा एकच मावतो. तुम्ही जे मारलं असतं ते मोजता आलं असतं तर मी आनंदानं मोजलं असतं.

पण पापा, हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. आमच्याकडे एकानं केलेला हिशेब दुसऱ्यानं मुळापासून करायचा असा रिवाज आहे. माझे कागद मिस ड्वायरकडे जातात. काल तिनं तुमचा कागद निळ्या पेन्सिलीच्या खुणेसह परत आणला आणि विचारलं की बापाशी माझं काही जुनं वैर आहे का. चूक माझी आहे. त्या वर्षी चाल दोन्हीकडे धरत होते, फटक्यांतही आणि पाळ्यांतही. काढायची तर दोन्हीकडून काढायला हवी. मी फटक्यांतून काढली आणि पाळ्यांत तशीच ठेवली. म्हणजे चालीचं बक्षीस काढून घेतलं आणि वर त्या पाळ्या वाया गेल्या असा ठपका ठेवला. बाकी एकाही खेळाडूच्या बाबतीत मी असं केलेलं नाही, मिस ड्वायरनं सगळे कागद पाहिले. तुमचंच नाव दिसल्यावर कुणी पक्षपाती म्हणू नये म्हणून मी इतका ताठ झालो की साधी वजाबाकी चुकलो.

खरा हिशेब असा: १३८ फटके, ४२९ पाळ्या. हजारामागे तीनशे बावीस. मी पुन्हा केला, मिस ड्वायरनं केला, साहेबांनीही केला.

चारशे दोन मी परत देऊ शकत नाही. पण दोनशे त्र्याऐंशी तुम्ही कधीच नव्हता, आणि तसं लिहिल्याबद्दल मी तुमची क्षमा मागतो. वीस तारखेला येऊ नकोस म्हणालात, म्हणून येत नाही. तुम्ही मात्र जा.

आपला आज्ञाधारक,
रूडी

•

बेलव्हिल,
२१ जून १९२६

चि. रूडी यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कालची हकीकत सविस्तर लिहिते, कारण योस्ट ती वाढवून सांगणार आणि ती तुझ्यापर्यंत पोचणार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पापांनी ते स्वैपाकघरात उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, आणि मला हाक मारून म्हणाले की तीनशे बावीस, ओटिली, तीनशे बावीस. चेहरा असा, की कुणाला वाटावं लॉटरी लागली. तू पहिल्यांदाच तीनशे बावीस लिहिलं असतंस तर त्यांनी तुझं नाव टाकलं असतं. महिनाभर दोनशे त्र्याऐंशीवर उपाशी ठेवलंस, म्हणून हे पक्वान्न वाटलं. तू हे मुद्दाम केलंस असं तुझ्या मेव्हण्याचं म्हणणं आहे. मी त्यांना सांगितलं की रूडीकडे एवढं डोकं नाही.

तरी मैदानावर जायचं की नाही हे त्यांचं काल सकाळपर्यंत ठरत नव्हतं. टोपी घालायचे, काढायचे. शेवटी चर्चहून परस्पर निघाले. शर्टाची बटणं सकाळीच माझ्याकडून लावून घेतली होती, न ओरडता.

योस्टला आम्ही काही सांगितलं नव्हतं, आणि तिथेच घोटाळा झाला. पापांचं नाव आलं तसा तो कर्ण्यातून चारशे दोन म्हणून ओरडला आणि सगळं गाव उठून उभं राहिलं. मला वाटलं, झालं, आता गप्प बसतील, एक दिवस मिरवून घेतील. मी मनातून तेच मागत होते, खोटं कशाला सांगू. पापा पहिल्या तळापासून काठी टेकत योस्टपर्यंत गेले, कर्णा मागून घेतला आणि म्हणाले की आकडा चुकला, तीनशे बावीस आहे. लोकांना ती थट्टाच वाटली. कारखान्यातली म्हातारी माणसं तर चिडली आणि चारशे दोन, चारशे दोन असा घोष करायला लागली. पापांनी त्यांना हातानं गप्प केलं आणि सांगितलं की हिशेब माझ्या मुलानं केलाय, शिकागोत.

तेव्हा मागून कुणी तरी ओरडलं की ज्याला चेंडू झेलता येत नव्हता तोच ना, त्याला फलंदाजीतलं काय कळतंय. सगळे हसले. रूडी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पापा हसू थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले की झेल त्याच्या हातून सुटायचे हे खरं आहे, पण आकडा सुटत नाही. त्यानं बापाचा आकडासुद्धा सोडला नाही, तेव्हा त्याच्या पुस्तकात जे जे छापून येईल ते डोळे मिटून खरं माना. एवढं बोलून त्यांनी कर्णा योस्टच्या हातात दिला आणि पुढचं नाव घ्यायला सांगितलं.

घरी येताना मी रडत होते. तर म्हणाले की धूळ फार आहे, खिडकी लाव. गाडीला खिडकी नाही.

आज सकाळी त्यांनी मला बसवून सांगितलं की सप्टेंबरच्या सुट्टीत रूडीला बोलव, पण मी बोलावलं असं लिहू नकोस, तुझ्याच मनानं लिही. म्हणून जसं म्हणाले तसं लिहिलं आहे. क्लारालाही आण. माया आहेच, ती काही पुस्तकात मावायची नाही.

तुझी,
ताई