तांबं असेपर्यंत

रत्नागिरी, मंगळवार, दिवेलागण

माझी भाची सई शेवाळावर संशोधन करते. आज चहाला आली आणि मोबाइलवर दोन काचेच्या बशा दाखवल्या. एकीत हिरवंगार, दुसरीत मेलेलं. शेवाळ मात्र एकच. त्याच्या जनुकात बिघाड आहे म्हणे. उजेडातून अन्न बनवण्याच्या कामात इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं तांब्याचं प्रथिन त्याला बनवताच येत नाही.

"मग एक जगलं कसं?"

"त्याच्या पाण्यात तांबं नव्हतं, मामा. तांबं नसलं की पेशी बदली प्रथिन कामाला लावते. तांबं दिसलं की तिला वाटतं, जुना गडी आहे की! बदलीला बोलवत नाही, आणि भर उजेडात उपाशी मरते."

"आमच्या पेपरात नोकरी कर," मी म्हटलं. ती हसली. मी नाही. हल्ली काही झोंबतच नाही, मग विनोद कसला सुचणार? रविवारच्या विनोदी सदरावर माझं नाव असतं, खाली माझेच शिळे लेख. चिपळूणची एक मुलगी झणझणीत लिहून पाठवते. संपादक तिला कळवतात, "जागा भाऊंची आहे."

तांबं. दुसरं काय?

आत्ताच संपादकांना फोन केला. "माझं नाव काढा, त्या मुलीला घ्या."

"बरं नाही काय, भाऊ?"

"बरा आहे. पाण्यातलं तांबं काढतोय."

ते खो खो हसले. "हेच लिहा ना! रविवारी छापतो."

"नाव काढा," मी पुन्हा म्हटलं. मग ते हसायचे थांबले.

फोन ठेवला की काहीतरी वाटेल, असं वाटलं होतं.