दहा मिनिटं पुढचं घड्याळ

तलवाडा

प्रिय पवनदादा,

जयभीम. फोन असताना ही बया कागद कशाला खरडते, असं म्हणशील. फोनवर अण्णांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते. कागदाची जात नाही.

आठवडाभर घरूनच काम करते आहे. एका चिपमध्ये बरेच विभाग असतात आणि प्रत्येकाचं घड्याळ आपापलं. एक विभाग दुसऱ्याला वेळ कळवतो, पण निरोप पोचायला किंचित उशीर होतो. तेवढा उशीर कुणीतरी एकाने मिळवायचा, म्हणजे घड्याळं जुळतात. आमची काही केल्या जुळेनात. शुक्रवारी आराखडा कारखान्यात जाणार, आणि मला एका जागी बसवेना. आई म्हणाली, "कावून इंगळी डसल्यावानी फिरायलीस?"

काल चूक सापडली. पाठवणाऱ्याने उशीर आधीच मिळवला होता, घेणाऱ्याने तो पुन्हा मिळवला. दोघंही शहाणे, एकमेकांना सांगितलं कुणीच नाही. ऑफिसातल्या मंडळींनी शाबासकी दिली. माझी नजर मात्र समोर भिंतीवरच्या आपल्या घड्याळावर गेली.

गाडी चुकू नये म्हणून अण्णा ते कायम दहा मिनिटं पुढे ठेवत, आणि आपण सगळे मनात दहा वजा करून निवांत! अकरा वर्षांपूर्वी पोलीस भरतीच्या चाचणीला निघालास तेव्हाही तू दहा वजा केलीस, सावकाश चहा प्यायलास, आणि फाट्यावर पोचलास तर बीडची सहाची गाडी गेलेली. त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं. त्याला अण्णांशिवाय कुणी हात लावत नसे, म्हणून तू सख्ख्या बापावर तुटून पडलास. ते गप्प राहिले. तू पुण्याला गेलास तो गेलासच, त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीस.

दादा, घड्याळ मी बरोबर केलं होतं. आदल्या दिवशी, स्टुलावर चढून. नववीत होते. तुझ्या एवढ्या मोठ्या दिवशी तरी ते खरं चालावं असं वाटलं, आणि सांगायचं राहून गेलं. नंतर भ्याले. काल अण्णांपाशी कबूल केलं, तर म्हणाले, "ठावं हाय. स्टुलावर तुजी पावलं उमटली व्हती. तुजं नाव घेतलं असतं तर त्यो तुज्याशी बोलला नसता. माजं काय, चालतंय." काही चालत नाही रे. रोज संध्याकाळी बीडहून येणाऱ्या गाडीतून शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते फाट्यावरून हलत नाहीत. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण रविवारी त्या गाडीने ये. घड्याळ आज मी पुन्हा दहा मिनिटं पुढे केलंय. या वेळी सगळ्यांना सांगून.

तुझीच, अकरा वर्षं गप्प बसलेली,
आम्रपाली