बागेत फक्त फुलंच

कारभारणीबाईंना दुरूनच नमस्कार,

मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

ज्या शहरात कंपनी वाढली त्याचं ऋण फेडायचं, म्हणून कंपनीच्या धर्मादाय संस्थेने जुना कारखाना पाडून तिथं बाग केलीय. माळ्याला, म्हणजे मला, बागेतच दोन खोल्या दिल्यात. भाडं नाही, वीज फुकट. तू आणि चिमी आलात की घर भरेल, असं वाटत होतं.

पण एवढं फुकट कोण कुणाला देतं गं? संस्थेच्या मॅडम साखर पेरल्यासारखं बोलतात आणि रोज बजावतात, "फुलंच लावा. फळझाड नको, भाजी नको." वर ट्रकने आणलेली नवी माती आहे. वीतभरापेक्षा खोल खणायचं नाही. खाली काय आहे विचारलं, तर म्हणाल्या, "काका, तुम्ही फुलांचं बघा."

काल जास्वंदीचा खड्डा माझ्या हातून खोल गेला. खाली निळसर माती लागली आणि रॉकेलसारखा भपकारा आला. मॅडमनी स्वतः उभं राहून खड्डा बुजवून घेतला. परवा उद्घाटन आहे. झोपाळे, घसरगुंडी सगळं तयार आहे.

आईंचा गुडघा कसा आहे?

इथल्या अंगणासाठी जमवलेलं भेंडीचं बी तिकडेच लाव. सामान इतक्यात बांधू नकोस.

आणि चिमी अजून माती खाते का, तेवढं आधी कळव.

तुझाच,
माळीबुवा