चौथीचा वर्ग खाली आणायचा अर्ज

गुरुजी, मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. पण तुम्ही जिते होते तेव्हा तर मी तुमच्यापुढे मान वर करत नव्हती; मग बोलायचं कधी? मी सांगून राहिली, माझ्या मुलाची पोरगी लिहून राहिली. अक्षर तिचं, तोंड माझं.

लेकीचं नाव पहिलीत घालाले तुम्हीच घरी आले होते. तापात तिचा पाय गेला, तेव्हा सासू म्हणे, आता हिले चुलीपाशी बसव. तुम्ही ओट्यावर चहा पीत म्हणाले, "बाई, पाय लुळा आहे, डोकं नाही." त्या एका बोलावर मी तीन वर्षं तुम्हाले भिवापूरची मिरची कुटून पोचवली. डबे तुम्ही एकदाही परत केले नाही, ते जाऊ द्या.

तिसरीपर्यंत वर्ग खाली, चौथी माडीवर. मी रोज कडेवर नेऊन बसवते म्हटलं, तर शाळेचा नियम, पोरांच्या मायांनी वर यायचं नाही. पोरगी जिन्यावरून पडली तर जबाबदारी कोणाची, म्हणे. मग तुम्हीच म्हणाले, "वर्ग खाली आणायचा अर्ज करू. मी लिहितो, तुम्ही अंगठा लावा." मी अशी फुगली, जशी शाळा माझ्याच बापाची!

जूनमध्ये शाळा उघडली. चौथी वरच होती, आन हजेरीत लेकीचं नाव नव्हतं. तुम्ही कागद वाचून दाखवला: पायाच्या अडचणीमुळे मुलीला स्वखुशीने शाळेतून काढत आहे. खाली माझा निळा अंगठा. "तुमच्याच मर्जीनं झालं, बाई," म्हणत तुम्ही खडू मोडत राहिले. माझी खुशी, आन मलेच पत्ता नाही!

गुरुजीनं अडाणी बाईले फसवलं, असं मी जन्मभर सांगत आली. खोटं नाही ते. पण तुम्ही शाईची डबी पुढे केली, तेव्हा लेक बाजूलेच उभी होती, तिसरी पास झालेली. तिनं कागद वाचला आन माझा पदर ओढला. "माय, यात वर्गाचं काहीच नाही वं. अंगठा नको लावू." मी तिच्या हातावर चापट मारली. "चूप बस! गुरुजीपरीस तुले जास्त समजते काय?" तुम्ही हसले. मीही हसली.

लेकीले वाटते, मी ते विसरली. नात विचारून राहिली, आजी, हे पत्र ठेवू कुठं? घरात नको म्हटलं. आत्याच्या हाती लागेल, तिले वाचता येते.