पंचवीस वर्षं, दरवर्षी सात दिवस

९ नोव्हेंबर, रविवार. बेलवली

विलास, ही वही पुढे कधी तुझ्या हाती लागली तर आधीच सांगते, तारखा टाकून ठेवतेय त्या तुझ्यामुळे. तू विसरतोस. गॅसचा नंबर लावायला विसरतोस, स्वतःच्या लग्नाचा दिवस विसरतोस, आणि एकदा मला डॉक्टरांकडून आणायला गेलास तर माझ्या गोळ्या घेऊन घरी आलास आणि मला तिथेच बाकावर ठेवलंस. उद्या म्हणशील, आई असं कधी म्हणाली? म्हणाली. वाच.

बोलतेय मी, लिहितेय माझी सून रंजना. मला अक्षर येत नाही, तिला उलट बोलता येत नाही, म्हणून आमचं जमतं. (येतं. – रं.) पूर्ण नावं लिहायचा तिला कंटाळा, म्हणून वि. म्हणजे माझा मुलगा, रं. म्हणजे ती.

आज उल्हासनगरला एका हॉटेलच्या हॉलात गेलो. वि. ने पेट्रोल पंपावर कसलंसं कूपन भरलं होतं, फोन आला की बक्षीस लागलं, नवरा-बायको दोघांनी यायचंच. मला एकटीला ठेवता येत नाही म्हणून मी पण. टेबलाटेबलावर जोडपी, आमच्या टेबलावर जोडपं आणि मी. कोट घातलेली एक पोरगी आली. गोड बोलते. भिंतीवर डोंगर दाखवले, समुद्र दाखवला, पांढऱ्या चादरींच्या खोल्या दाखवल्या. आता एकदा पैसे भरायचे, मग पंचवीस वर्षं दरवर्षी सात दिवस अशा खोलीत राहायचं. त्याशिवाय दरवर्षी देखभालीचे वेगळे. ते तिने भरभर सांगितलं.

मग विचारलं, "सर, मॅडम, हनिमूनला कुठे गेला होता?"

वि. पाण्याच्या ग्लासाकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बारवीला. आमच्या शेतावर. लावणी चालू होती." पोरगी हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

कोणी सही केली की घंटा वाजवतात, सगळे टाळ्या वाजवतात. तीनदा वाजली. वि. चा हात पेनाकडे गेलेला मी पाहिला. पण पैसा माझ्या नावावर आहे. ह्यांच्या मागे राहिलेला शेताचा तुकडा विकला त्याचा, बँकेत ठेवलेला, आणि तो मोडायला माझा अंगठा लागतो. मी म्हटलं, अंगठा आज घरी राहिला.

भाव फक्त आजचा, असं म्हणत होती. मग आत कोणाला तरी विचारून आली. महिनाअखेरपर्यंत चालेल म्हणाली.

बक्षीस: दोन कप. एकाचा कान उडालेला.

१० नोव्हेंबर, सोम.

रं. ने कालचं फिल्लम फोनवर मागवून घेतलंय. भाजी निवडताना बघते. (एकदाच बघितलं. – रं.) तीनदा. मला कमी दिसतं, ऐकू चांगलं येतं. तेच गाणं तीनदा वाजलं.

तिने काल हॉलात एकच प्रश्न विचारला होता. "तिथे जेवण कोण करतं?" पोरगी म्हणाली, "मॅडम, रूममध्ये किचन आहे, अगदी घरासारखं!" तिला वाटलं मोठी खुशखबर दिली. बाहेर जेवायचं तर त्याचे पैसे निराळे.

म्हणजे पंचवीस वर्षं दरवर्षी सात दिवस दुसऱ्याच्या ओट्यावर पोळ्या.  

१४ नोव्हेंबर, शुक्र.

डोळ्यात सुई घ्यायचा दिवस. दर महिन्याला असतो. उल्हासनगरलाच दवाखाना, म्हणून येताना रं. च्या साड्या घ्यायला जानकी आंटीच्या दुकानात थांबलो. रं. तिच्याकडच्या साड्यांना फॉल-बीडिंग करते. जानकी सिंधी, साठीची, कपाळ मोकळं. गल्ल्यावर एकटीच बसते, मुलगा दुबईला.

तिच्याकडे असलंच सात दिवसांचं कार्ड आहे, हे रं. ला माहीत होतं. मला नव्हतं. मी विचारलं, घेण्यासारखं आहे का?

"अम्मा, मत लो," पहिला शब्द हाच. "जब फोन करो, बोलते हैं फुल है. दिवाली में फुल, मई में फुल. बारिश में बोलते हैं आ जाओ. और साल का पैसा तो भरना ही पड़ता है, जाओ या ना जाओ. बेचने गई, कोई लेता नहीं."

मी रं. कडे बघितलं. संपलं, म्हटलं मनात.

जानकीने साड्यांची घडी केली, पिशवीत भरली, परत काढली. मग म्हणाली, "एक बार गए थे हम दोनों. सात दिन. उसके बाद वाले साल में मेरा आदमी गया. सब का हिसाब लगाती हूँ अम्मा, दुकान में और काम क्या है. वो सात दिन का नहीं लगाती."

रिक्षात डोळ्यावर पट्टी होती, ते बरं.

१८ नोव्हेंबर, मंगळ.

वि. ला विचारलं, सात दिवस म्हणजे कुठले? पाहिजे ते? तर नाही. वर्षाचे रंग पाडलेत. लाल आठवडे महाग, मग पांढरे, मग निळे. आपल्याला झेपतात ते निळे. निळे कधी? पाऊस, आणि शाळा-परीक्षा चालू असतात ते. बरं, म्हटलं, निळे-लाल राहू दे बाजूला. आधी बघू, ह्या घराला सात दिवस मोकळे आहेत का.

वि. कंपनीत गेल्यावर मी वाल काढले. बावन्न मोजून ताटात मांडायला लावले रं. ला. एक वाल म्हणजे एक आठवडा. मला कॅलेंडर वाचता येत नाही पण वर्ष येतं. मी सांगायचं, तिने उचलायचा.

गणपती, गौरी. पितरांचा पंधरवडा. नवरात्र. दिवाळीआधीची साफसफाई, दिवाळी. मार्गशीर्षातले गुरुवार. चैत्रात कुलदेवी. लग्नसराई, तेव्हा रं. च्या मशीनला उसंत नसते आणि त्याच पैशावर वर्षाचा किराणा निघतो. मे महिन्यात लेकीकडची नातवंडं. मार्चात वि. च्या कंपनीत स्टॉक मोजतात, सुट्टी नाही. कोणाचं वर्षश्राद्ध, कोणाचं बारसं ते धरलंच नाही.

अकरा वाल उरले. मी खूश झाले. म्हटलं, बघ, एक सोडून अकरा!

रं. ने एक उचलला.

"हा कशाचा?"

"आई, तुमच्या डोळ्याची सुई. मग आठ दिवस थेंब."

दुसरा उचलला. सुईचाच, पुढच्या महिन्याचा. मग आषाढातले उचलले, पावसात मला दम लागतो, रात्रीची वाफ द्यावी लागते. मग थंडीतला एक, माझे गुडघे. ती काही रागाने नव्हती करत. तांदूळ निवडतो तसं करत होती. शेवटी ताट रिकामं.

ती हसली. म्हणाली, "झालं. आता पंचवीस वर्षं कशाला, एका वर्षात पण सात दिवस निघत नाहीत."

मी म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, वही माझी आहे. लिहिलं. (लिहिलं. – रं.)

१९ नोव्हेंबर, बुध.

रं., आज तू मधे काही घालू नकोस. नुसतं लिही.

तिची आई गेली त्याला सहा वर्षं झाली. मुरबाडकडे माहेर. ती दिवसकार्याला म्हणून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. रडायला नाही, विचारायला. माझ्या बीपीच्या गोळ्या कुठल्या डब्यात ठेवल्यास म्हणून. तिने सांगितलं आणि संध्याकाळच्या एसटीने परत आली. मी ये म्हटलं नव्हतं. राहा असंही म्हटलं नव्हतं.

त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही. कालपासून वाटतंय.

बंद कर.

२३ नोव्हेंबर, रवि.

वि. शी भांडण. हळू आवाजात, म्हणजे खरं.

मी म्हटलं, जानकीचं ऐकलंस ना? फुल म्हणतात, आणि पैसे घेत राहतात. खोलीच पाहिजे तर वाटेल तेव्हा भाड्याने घे आणि राहा. त्याला पंचवीस वर्षांचा कागद कशाला?

तो म्हणाला, "आई, आपण कधी गेलो? खोल्या भाड्याने काय आज मिळायला लागल्या? तीस वर्षं मिळतायत. दर वर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी. पैसे आधी अडकले तर माणूस जातो. नाहीतर आपल्याकडे कोणी जात नाही, तुला माहितीये."

 

मग म्हणाला, "मी तिला काही दिलंच नाही ग."

चोपन्न वर्षांचा माणूस. भांडी घासायच्या जागेपाशी उभा राहून बोलत होता, नळ चालू सोडून. मी म्हटलं, नळ बंद कर. दुसरं काय म्हणणार.

हे सगळं रं. लाच लिहावं लागतंय, कारण दुसरं कोणी नाही. ती मान खाली घालून लिहितेय. अक्षर मात्र आज मोठं मोठं येतंय, मला एवढं दिसतं.

२४ नोव्हेंबर, सोम.

अंबरनाथला शोभाला, माझ्या लेकीला, फोन लावायला सांगितला. म्हटलं, मला सात दिवस ठेवून घेशील?

"आई, आमचा तिसरा मजला, लिफ्ट बंद असते ग. आणि ह्यांच्या आईंचं पण आहेच, त्या हॉलमध्ये झोपतात… आणि तुझे थेंब…"

मी म्हटलं, थेंब दिवसातून चारदा, गळा आवळायला नाही सांगत.

"तसं नाही आई. सात दिवस जरा… चार जमतील."

पोटच्या पोरीला चार जमतात. परक्याच्या पोरीला एकतीस वर्षं जमलं. शोभाला नावं नाही ठेवत, तिचंही ताट असंच रिकामं असेल. चार तर चार.

३० नोव्हेंबर, रवि.

महिनाअखेर. त्या कोट घातलेल्या पोरीचा फोन. वि. ने स्पीकरवर टाकला. "आजी, आज लास्ट डे आहे हं, मग ही ऑफर बंद."

मी म्हटलं, बाई, तुझा शेवटचा दिवस ह्या महिन्यात दुसऱ्यांदा आला.

हसली बिचारी. मग म्हणाली, थांबा, विचारते. वीस डिसेंबर. त्यानंतर खरंच नाही.

मग मी दोघांना बसवून सांगितलं. आधी जाऊन या. कार्डाशिवाय, भाड्याच्या खोलीत, जेवण तिथलंच मिळेल अशा. वि. च्या पगारातून. दोन गुरुवारांच्या मधे चार दिवस बसतात, मी वाल न मांडता काढलेत. आल्यावर अंगठ्याचं बघू. हो पण नाही, नाही पण नाही.

वि. म्हणाला, "आणि पुढच्या वर्षी?"

म्हटलं, आधी हे जा.

रं. म्हणाली, "साड्या द्यायच्यात." जानकीला मीच फोन करवला. ती म्हणाली, "अम्मा, भेज दो. साड़ी भाग के जाएगी क्या?"

१३ डिसेंबर, शनि.

रं. ने बॅग भरली. तिची लहान, माझी मोठी. माझ्यात औषधं, थेंब, वाफेचं भांडं, शाल, आणि काय कधी द्यायचं त्याचा कागद, शोभासाठी. दोन पानी. स्वतःच्या बॅगेत काय घातलंस विचारलं तर म्हणाली, "काय लागतं ते कळतच नाहीये."

१६ डिसेंबर, मंगळ. अंबरनाथ

आज अक्षर शोभाचं. ती म्हणते रंजना वहिनीपेक्षा चांगलं आहे. मला कुठे दिसतंय.

ती दोघं परवा सकाळी गेली, कोकणात, समुद्राकाठी. उद्या संध्याकाळी परत, कारण गुरुवारी उद्यापन. दोन दिवस मी फोन केला नाही, शोभाला पण करू दिला नाही. आज त्यांचाच आला.

रं. चा आवाज वेगळाच. जरा जाड, झोपेतला. म्हटलं, काय केलंस?

"काल दुपारी नुसती बसले होते आई. समुद्राकडे पण नाही. भिंतीकडे तोंड करून."

मागून वि., "अगं, मजा आली सांग!"

"सांगितलं ना," ती म्हणाली.

मग मी विचारलं. म्हटलं, वि. ला बाहेर पाठव आणि खरं सांग. कार्ड घ्यायचं का? तू म्हणशील तसा अंगठा देते.

तिकडे दार लागल्याचा आवाज आला. 

"पहिल्या दिवशी घरचंच डोक्यात," ती म्हणाली. "दूध आलं असेल का, नळ गेला असेल का. दुसऱ्या दिवशी पण. आज सकाळी उठले तर नव्हतं. आज पहिल्यांदा नाही आठवलं आई. आणि उद्या निघायचं."

आणि मग म्हणाली, "पण ते निळे आठवडे. आणि जानकी आंटी खोटं नाही बोलत. मला नाही कळत. तुम्ही ठरवा."

म्हटलं, मी तरी कुठे शिकलेली. ठेव फोन, बिल येतं. बिल येत नाही, मला माहितीये.

तेव्हापासून बसलेय. कंपनी लबाड आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. पण वि. म्हणतो ते पण खोटं नाही, की अडकवल्याशिवाय आपण जाणार नाही. दोन दिवस मन घरातून निघायलाच लागतात, मग सात कमीच पडतील. आणि ह्या पंचवीस वर्षांत मी किती वर्षं असणार, मग तिच्या ताटात आपोआप किती वाल उरतील, ते पण मोजलं. शोभा म्हणते हे लिहीत नाही. लिही. वीस तारखेला अजून चार दिवस आहेत.

शोभे, आता ऐक, हे मात्र नक्की. उद्या संध्याकाळी तुझ्या मुलाबरोबर बेलवलीला डबा पाठव. तांदळाच्या भाकऱ्या आठ, पिठलं जरा पातळ, लसणीची चटणी, आणि दूध वेगळ्या पिशवीत सकाळच्या चहापुरतं. सुकट टाकायला सांगितली असती, पण मार्गशीर्ष आहे, तिला चालत नाही. आणि मला परवाच न्या, उद्या नको. घरात शिरल्यावर तिने गॅस पेटवायचा नाही.